चौदाव्या वर्षी बीपी आणि जुन्या फाईलमधली चार इंजेक्शनं

आंतरशालेय कबड्डीसाठी फिटनेसचा दाखला हवा होता, म्हणून मुलाला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी निघालं 136/84. दाखल्याऐवजी हातात चिठ्ठी मिळाली: मुलांच्या किडनीतज्ज्ञांना दाखवा. घरी सासऱ्यांचं मशीन आहे, त्यावर संध्याकाळी 121 आलं. घरात सगळ्यांचं एकमत झालं की पोरगं दवाखान्यात घाबरलं असणार. तरी आम्ही गेलोच.

तज्ज्ञ मॅडमनी आधी टेपने त्याच्या दंडाचा घेर मोजला. 20 सेंटीमीटर. "घरचा पट्टा आजोबांचा ना? याला तो मोठा होतो, आकडा कमी दाखवतो." पट्टा लहान पडला तर उलट आकडा जास्त येतो, हेही सांगितलं. मग त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात टेबलावर. स्टेथोस्कोप लावून थांबत थांबत तीनदा मोजलं. सरासरी 134/82. पुढच्या भेटींतही तेवढंच. तेरा वर्षं पूर्ण झाली की 130/80 पासून उच्च रक्तदाब धरतात. त्याआधी वय आणि उंचीचे तक्ते बघावे लागतात.

"जन्म कितव्या आठवड्यातला?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. एकोणतिसाव्या. वजन साडेअकराशे ग्रॅम, नंतर बरेच दिवस काचेच्या पेटीत. त्याचं डिस्चार्ज कार्ड मी नेलं होतं, पण त्यांना माझे बाळंतपणाचे कागदही हवे होते. ते माळ्यावरच्या सुटकेसमध्ये सापडले. औषधांच्या तक्त्यात निळ्या शाईत चार ओळी: डेक्सामेथासोन 6 मिग्रॅ., दर 12 तासांनी, समोर सिस्टरची सही. कळा लवकर सुरू झाल्या तेव्हा बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि निकाल लावून टाकला: "त्या सुयांनीच केलं सगळं." मलाही रात्रभर तेच वाटत होतं. पुढच्या भेटीत मॅडमना सरळ विचारलं.

त्यांनी घाई न करता समजावलं. किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भातच तयार होतात आणि साधारण 34 ते 36 आठवड्यांपर्यंत ते काम संपतं. पुढे आयुष्यात नवीन बनत नाहीत. त्यातल्या निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. म्हणजे माझ्या मुलाची किडनी बनायचं काम ऐन रंगात असतानाच तो बाहेर आला. गाळण्या कमी असल्या की दहा जणांचं काम सहा जणांनी ओढावं तसं होतं; काही वर्षं निभतं, मग बीपी चढू लागतं.

आणि इंजेक्शन? आईच्या शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड वार, म्हणजे प्लासेंटा, बरंचसं निष्प्रभ करून बाळाकडे सोडते. डेक्सामेथासोन आणि त्याच जातीचं बीटामेथासोन मात्र तिच्या हातून निसटतात, म्हणूनच तर ती दिली जातात. उंदीर आणि मेंढ्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी नेफ्रॉन कमी झालेले आणि बीपी वाढलेलं दिसलं आहे. माणसांत चित्र इतकं सरळ नाही. मेलबर्नला जन्मतः फार कमी वजनाच्या मुलांना 14 व्या वर्षी तपासलं, तेव्हा इंजेक्शन मिळालेल्यांचं बीपी थोडं जास्त होतं. पण ही पद्धत ज्या ऑकलंडच्या चाचणीतून आली, लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांच्या, जिचे निष्कर्ष 1972 साली छापले गेले, त्यातल्या मुलांना तिशीत तपासल्यावर इंजेक्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या बीपीत फरक नव्हता. "तुमच्या मुलात कमी दिवसांचा वाटा किती आणि सुयांचा किती, हे कोणीही वेगळं काढून सांगू शकणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्या चार सुया नसत्या, तर कदाचित आज बीपी मोजायला हा समोर बसलाच नसता." सासूबाईंना मी हे शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं. पुरलं.

तपासण्यांत सोनोग्राफी पटकन उरकली. दोन्ही किडन्या उंचीच्या मानाने जराशा लहान. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक, सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन वाढलेलं नाही, हृदयाची इकोही ठीक. खरा वैताग 24 तासांच्या बीपी मशीनचा. कमरेला डबा, दंडाला पट्टा, दिवसा दर वीस मिनिटांनी तो फुगणार, आणि त्या क्षणी हात हलवायचा नाही. वर्गात गणिताच्या तासाला घर्र आवाज आला की सगळी पोरं वळून बघायची. बाई समजूतदार निघाल्या म्हणून निभावलं. रात्री झोपेत बीपी दहा टक्के तरी उतरायला हवं. याचं तितकं उतरत नव्हतं.

गोळी सध्या नाही. ताटात वरून मीठ बंद, लोणचं-पापड सणापुरते, वेफर्सवर रोजचा तह. अंग दुखलं म्हणून परस्पर आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, हे मला नवीन होतं. किडनीवर त्याचा भार पडतो. कबड्डी मात्र जोरात चालू ठेवा म्हणाल्या आणि दाखल्यावर सहीही दिली.

सहा महिन्यांनी ते मशीन पुन्हा लावायचंय. मुलगा म्हणतो रविवारी लावा. मॅडमना शाळेचाच दिवस हवा आहे.