तीस कन्व्हर्जन, चार फोन

सरांनी महिन्याचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच विचारलं, "यात तीस कन्व्हर्जन दिसतात. फोन आले चार. बाकीचे सव्वीस जण गेले कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. (कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या माणसाने आपल्याला हवी ती गोष्ट करणं, जसं फॉर्म भरणं किंवा फोन करणं.) बंद पडलेल्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, सर्व्हर यांच्यातला डेटा परत काढून द्यायचं आमचं काम. ऑफिस छोटं. सर, दोन तंत्रज्ञ, आणि बिलांपासून ईमेलपर्यंत उरलेलं सगळं बघणारी मी. गूगल ॲड्सचं खातं आधी बाहेरची एक एजन्सी सांभाळायची. तिचा करार संपला आणि लॉगिन माझ्याकडे आलं. "थोडं बघत जा," एवढ्याच सूचनेवर.

पहिले तीन आठवडे मी नुसती चाचपडत होते. सकाळी बोली (एका क्लिकसाठी आपण द्यायला तयार असलेली रक्कम) वाढवायची, दुपारी मथळा बदलायचा, संध्याकाळी आणखी पाच कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) घालायचे. दुसऱ्या दिवशी आकडा चढला की खूश, उतरला की कालचं सगळं उलटं. पुढे केव्हातरी बदलांचा इतिहास उघडून पाहिला तर एका दिवसात मी अकरा बदल केले होते. त्यातला कुठला लागू पडला आणि कुठल्याने नुकसान झालं, देव जाणे. एके दिवशी रोजच्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट खर्च झालेला पाहून तर पाचावर धारण बसली. मग वाचल्यावर कळलं की एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च जाऊ शकतो. महिन्याचा आकडा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

सरांच्या त्या प्रश्नाने मात्र मी वेगळ्या टोकाला गेले. जाहिरात बाजूला ठेवली आणि 'कन्व्हर्जन' म्हणून आपण नक्की काय मोजतोय ते बघायला बसले. टॅग म्हणजे कन्व्हर्जन मोजायला पानावर बसवलेला छोटा कोड. तो केव्हा चालतो ते दाखवणारं टॅग असिस्टंट लावून आमचीच वेबसाइट ग्राहकासारखी चालून पाहिली. (स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करून तपासू नका. पैसे आपलेच जातात आणि आकडेही बिघडतात.) 'संपर्क' पान उघडलं आणि फॉर्ममध्ये एक अक्षर लिहायच्या आतच कन्व्हर्जनचा टॅग चालला. मग फॉर्म नीट भरला, पाठवला, 'धन्यवाद' पान आलं. तिथे काहीच नाही. टॅग चुकीच्या पानावर बसला होता. शिवाय मोजणीच्या सेटिंगमध्ये 'एक' ऐवजी 'प्रत्येक' निवडलेलं. मी पान तीनदा रिफ्रेश केलं, टॅग तीनदा चालला. जाहिरातीवरून आलेल्या माणसाने तेच केलं असतं तर त्याची तीन कन्व्हर्जन धरली गेली असती.

खरी गंमत याच्या पुढची. आमची बोली 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स'वर होती, म्हणजे जास्तीत जास्त कन्व्हर्जन मिळतील अशा बेताने यंत्रणाच बोली ठरवणार. आणि आम्ही तिला इतके महिने सांगत होतो की संपर्क पान उघडणारा माणूस आणा. तिने इमानेइतबारे तसेच आणले. डेटा रिकव्हरीवाल्यांचं संपर्क पान सगळ्यात जास्त कोण उघडतं? ज्याची डिस्क बंद पडली आहे तो थेट फोन करतो. संपर्क पानावर जातो नोकरी शोधणारा. जातो कोर्स कुठे मिळेल विचारणारा विद्यार्थी. ऑफिसच्या ईमेलवर रोज एक-दोन बायोडेटा येत होते आणि ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं काम माझंच होतं! त्या फोल्डरचा आणि जाहिरातीच्या खर्चाचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाकडून टॅग 'धन्यवाद' पानावर हलवून घेतला, मोजणी 'एक' केली. जाहिरातीतल्या नंबरवर आलेले आणि साठ सेकंदांहून जास्त चाललेले फोनही कन्व्हर्जन म्हणून धरले. जुनी मोजणी पुसली नाही, तिला दुय्यम केलं. म्हणजे ती दिसते, पण बोली ठरवताना धरली जात नाही. आणि खरे आकडे थोडे साठेपर्यंत बोली पुन्हा हाताने लावायला घेतली. पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये कन्व्हर्जन तीसवरून सातवर आलं. सरांच्या केबिनमध्ये जाऊन "आकडा पडला, पण आता तो खरा आहे" असं सांगताना माझा आवाज कसा झाला असेल, कल्पना करा. सर म्हणाले, "सात तर सात. पण सात जण माणसं आहेत ना?" होती.

मग सर्च टर्म्सचा अहवाल. कीवर्ड म्हणजे आपण लावलेला शब्द, आणि सर्च टर्म म्हणजे समोरच्याने खरोखर टाइप केलेला. दोन्हीत केवढं अंतर पडू शकतं ते ब्रॉड मॅच (कीवर्डशी अर्थाने जुळणाऱ्या शोधांवरही जाहिरात दाखवणारा पर्याय) लावल्याशिवाय कळत नाही. गेल्या तीन महिन्यांचा अहवाल मी शीटमध्ये उतरवला आणि दोन दिवस एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर: 'ग्रा' म्हणजे ग्राहक, 'नो' म्हणजे नोकरी, 'शि' म्हणजे शिकणारा, 'फु' म्हणजे फुकट सॉफ्टवेअर शोधणारा. 'फ्री डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअर', 'डेटा रिकव्हरी कोर्स', 'डेटा रिकव्हरी इंजिनिअर पगार'. बेरीज केली तर निम्म्याहून जास्त खर्च 'ग्रा' सोडून इतरांवर झाला होता. शिवाय अहवालात सगळं दिसतही नाही. सप्टेंबर २०२० पासून फार थोड्या लोकांनी केलेले शोध त्यात दाखवले जात नाहीत. त्यांची नुसती बेरीज खाली 'इतर' म्हणून येते. आमच्यासारख्या लहान खात्यात ती 'इतर'ची ओळ चांगली जाडजूड असते.

निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये ते शब्द, घालताना मी उत्साहात पुन्हा एकदा माती खाल्ली. 'जॉब', 'पगार', 'कोर्स', 'सॉफ्टवेअर' आणि 'फ्री' असे एकेरी शब्द धडाधड टाकले. एकेरी शब्द निगेटिव्हला घातला की तो शब्द ज्यात आहे असा कुठलाही शोध अडतो. आठवड्याभरात चौकशा आणखी घटल्या. मला वाटलं, सुट्ट्यांमुळे असेल. आमचा मोठा तंत्रज्ञ सहज म्हणाला, "मॅडम, हल्ली 'तपासणी फ्री आहे का' विचारणारे फोनच येत नाहीत." पोटात गोळा आला. तपासणीचे पैसे आम्ही घेतच नाही आणि ती विचारणारा माणूस हाच आमचा सगळ्यात पक्का ग्राहक. 'फ्री' या एका शब्दाने मी त्यालाच दारात अडवलं होतं. तो शब्द काढला आणि त्याच्या जागी 'फ्री सॉफ्टवेअर', 'फ्री डाउनलोड' असे जोडशब्द फ्रेज मॅचमध्ये घातले, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने एकत्र आले तरच शोध अडतो. आणखी एक खोच नंतर कळली: निगेटिव्ह कीवर्ड एकवचन-अनेकवचन किंवा समानार्थी शब्द आपोआप धरत नाही. 'जॉब' घातला म्हणून 'जॉब्स' अडत नाही. दोन्ही वेगवेगळे घालावे लागतात.

त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी चहाच्या वेळी त्या तंत्रज्ञासमोर शोधांची यादी घेऊन बसू लागले. या सगळ्यात मी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम बहुधा हेच. दुसऱ्याच शुक्रवारी त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. रिसेट केलेल्या फोनमधून फोटो परत मिळवण्याबद्दलचा कीवर्ड होता. संपूर्ण खात्यात क्लिकचं प्रमाण याच कीवर्डला सगळ्यात जास्त, त्यामुळे मी त्यावर लाडाने बोली वाढवत होते. तो म्हणाला, "हे आपण करतच नाही. कोणीच करू शकत नाही." हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो आणि फॅक्टरी रिसेट केला की त्याची किल्लीच नष्ट होते. मागे राहतो तो निव्वळ कचरा. म्हणजे आमच्या सगळ्यात लाडक्या कीवर्डवर येणारा प्रत्येक माणूस पैसे खर्चून बोलावलेला आणि 'नाही होणार' ऐकून परत जाणारा. खूप क्लिक येतात म्हणजे चांगलं, हा हिशेब त्या चहाबरोबर संपला. तो कीवर्ड बंद केला तेव्हा खात्याचं एकूण क्लिकचं प्रमाण धाडकन खाली आलं आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

सेटिंगमधल्या बारीकसारीक गोष्टी एका दुपारी उरकल्या. शोधावर दिसणाऱ्या जाहिरातींच्या सर्च कॅम्पेनला डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइटांवरच्या जाहिराती) जोडलेलं होतं, ते काढलं. ठिकाणाच्या पर्यायात 'त्या भागात रस असलेले' लोकही धरलेले होते. तिथे फक्त 'त्या भागात असलेले' ठेवलं.

जाहिरातींची रचना मात्र मुळापासून बदलावी लागली. एकाच ॲड ग्रुपमध्ये साठेक कीवर्ड कोंबलेले आणि सगळ्यांना एकच जाहिरात: 'सर्व प्रकारची डेटा रिकव्हरी. विश्वासार्ह सेवा.' पेन ड्राइव्ह वाकलेल्यालाही तीच आणि सर्व्हर बसलेल्यालाही तीच. क्वालिटी स्कोर बहुतेक ठिकाणी ३ किंवा ४. हा १ ते १० मधला आकडा कुठली जाहिरात दिसणार ते ठरवणाऱ्या लिलावात थेट वापरला जात नाही, पण दुखणं कुठे आहे ते सांगतो. त्याचे तीन भाग असतात: क्लिक येण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव. आमच्याकडे मधला भाग जवळजवळ सगळीकडे 'सरासरीपेक्षा कमी' होता. मी चार ग्रुप केले: हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क), आणि रेड सर्व्हर (अनेक डिस्क एकत्र जोडलेले).

मथळे लिहायला बसले तेव्हा पुन्हा तंत्रज्ञाकडेच गेले. लोक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतात, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "डिस्कमधून टकटक आवाज येतोय, असं म्हणतात. आणि मी सांगतो, आधी बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका." आवाज करणारी डिस्क चालू ठेवली तर आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) प्लॅटरवर (डेटा साठवणाऱ्या तबकडीवर) घासून होता नव्हता तो डेटाही जाऊ शकतो. रिस्पॉन्सिव्ह जाहिरातीत (हिच्यात दिलेले मथळे यंत्रणाच आलटून पालटून दाखवते) १५ पर्यंत मथळे देता येतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३० अक्षरांचे. पहिलाच लिहिला: 'टकटक आवाज? डिस्क बंद ठेवा'. सरांना आधी पटेना. जाहिरातीत आपण आपलं नाव सांगायचं सोडून ग्राहकाला सल्ला कसला देतो! पण डिस्कच्या ग्रुपमध्ये त्या मथळ्याने बाकीच्यांना मागे टाकलं, आणि फोन करणारे "तुमचं वाचून मी बंदच करून ठेवली" असं म्हणू लागले.

लँडिंग पेजही वेगवेगळी केली. पहिल्या पडद्यावर फोन नंबर, खाली 'आता काय करू नका' अशा चार ओळी, आणि माझा डेटा कोण बघणार या प्रश्नाचं सरळ उत्तर. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि आमच्या जुन्या पानावर त्याचा उल्लेखच नव्हता. पान मोबाइलवर उघडायला फार वेळ घ्यायचं; वर फिरणारी भली मोठी चित्रं काढली तेवढ्यानेच ते २.५ सेकंदांच्या आत आलं. हार्ड डिस्कच्या ग्रुपचा स्कोर पुढे ७ वर गेला. एसएसडीचा ४ वरच अडकला आहे, का ते मला अजून उमगलेलं नाही.

शेवटचं आणि सगळ्यात किचकट काम म्हणजे चौकशीतून काम मिळालं की नाही, हे परत खात्यात नेणं. जाहिरातीवर क्लिक झालं की पत्त्याच्या शेपटीला जीक्लिड नावाचा एक लांबलचक कोड येतो. फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना करून तो कोड आम्ही चौकशीसोबत साठवू लागलो. काम पक्कं झालं की तो कोड, तारीख आणि बिलाची रक्कम शीटमध्ये, आणि शीट दर सोमवारी खात्यात. क्लिकपासून ९० दिवसांच्या आत हे करावं लागतं. पहिल्या दोन सोमवारी तारखेचा साचा चुकला म्हणून सगळ्या ओळी परत आल्या. तिसऱ्या सोमवारी बसलं.

मग बोली पुन्हा यंत्रणेकडे दिली, आणि सुरू झाला माझ्या स्वभावाला सगळ्यात जड गेलेला काळ: काहीही न करणं. बोलीची पद्धत बदलली की यंत्रणेला शिकायला वेळ लागतो, आणि मध्ये मध्ये हात घातला की शिकणं लांबतं. त्यात आमच्याकडे आज क्लिक करणारा माणूस आठवडाभर विचार करून फोन करतो, त्यामुळे कालचा आकडा कायम वाईटच दिसतो. मी रोज खातं उघडायचं बंद केलं. बदल सुचला की वहीत लिहायचा, आणि दोन आठवड्यांत एकच करायचा. वहीतल्या निम्म्या सूचना नंतर वाचताना मलाच हसू येतं.

सहा महिन्यांनी खर्च पूर्वीपेक्षा कमी आहे, क्लिक तर निम्म्याच्याही खाली, आणि कन्व्हर्जन महिन्याला अठरा-वीस. त्यातली किती कामं झाली ते शेजारच्याच रकान्यात दिसतं. बायोडेटाचा फोल्डर जवळपास रिकामा आहे.

रेड सर्व्हरच्या ग्रुपला अजून नशीब नाही. शोधणारेच मोजके, मागच्या महिन्यात मिळून सहा क्लिक आले, त्यांतून एकही फोन नाही. खातं सारखं सुचवतं की यात बदल करा. पण तंत्रज्ञ म्हणतो, वर्षात असं एक जरी काम आलं तरी बाकीच्या सगळ्या पेन ड्राइव्हना पुरून उरेल. तूर्त मी तो चालू ठेवला आहे.