घरच्या भिंतीवरचा चार्जर: मोटॅबिलिटीच्या गाडीचा माझा अनुभव

कराडला माहेरी गेले की पेट्रोल पंपावर मी नुसती काच खाली करते. पोरगा विचारतो, "कितीचं टाकू ताई?" पैसे दिले की निघाले. इंग्लंडमध्ये आपलं पेट्रोल आपण भरायचं. मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला आधाराचं कॅलिपर, हातात दोन कुबड्या, आणि पन्नाशीनंतर बरा असलेला उजवा पायही लवकर दमायला लागला. थंडीत तर जास्तच. कुबडी कुठे टेकवायची आणि नळी कुठल्या हाताने धरायची, हे रेडिंग या आमच्या गावात दर आठवड्याला नव्याने जमवावं लागायचं. मदतीला माणूस बोलावता येतो, पण रात्री दुकानात एकटाच असतो, त्याला गल्ला सोडून बाहेर येता येत नाही. म्हणून जुन्या गाडीचा करार संपत आला तेव्हा मी इलेक्ट्रिक गाडीचं मनावर घेतलं. रात्री आपल्या दारात चार्ज होणारी गाडी म्हणजे पंपावर जायलाच नको.

ज्यांना मोटॅबिलिटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनमधल्या अपंगांना भाड्याने गाडी देणारी ही योजना १९७७ साली सुरू झाली. अपंगत्वासाठी मिळणाऱ्या पिप भत्त्यात हालचालीचा एक भाग असतो. त्याचा वरचा दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७७.०५ पौंड होता. ज्यांना तो मिळतो आणि ज्यांच्या भत्त्याची किमान १२ महिने मुदत शिल्लक आहे, त्यांना तो योजनेकडे वळवून साधारण तीन वर्षांसाठी गाडी घेता येते. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्यातच येतं. काही गाड्यांना सुरुवातीला एकरकमी पैसे भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. माझी पहिलीच इलेक्ट्रिक गाडी होती आणि घरापुढे गाडी लावायला स्वतःची जागा आहे, त्यामुळे चार्जर आणि त्याची साधी जोडणी योजनेतूनच होणार होती. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी आधी मिळवा. जागाच नसेल तर बाहेरच्या चार्जरांची सोय देतात.

शोरूममध्ये सगळे मला एका चार्जवर किती मैल जाते ते सांगत होते. मी गाडीभोवती फिरून चार्जिंगचं झाकण कुठे आहे ते बघत होते. एका गाडीचं मागे डावीकडे होतं. म्हणजे उजवीकडच्या ड्रायव्हरच्या दारातून उतरून अख्ख्या गाडीला वळसा, तोही आमच्या अरुंद ड्राइव्हवेत कुंपणाला घासत. मी घेतली तिचं झाकण समोर, नाकावरच आहे. दार उघडायचं, बॉनेटला एक हात टेकवत चार पावलं यायचं, झालं. झाकण दोनतीनदा उघडून बघा, प्लग खुपसून आणि काढून बघा. मनगटात किती जोर लागतो हे तिथेच कळतं.

पुढे चार्जरसाठी घराचं सर्वेक्षण. माणूस येत नाही, फोटो मागवतात: मीटर, फ्यूजची पेटी, गाडीची जागा, बाहेरची भिंत. आमचं घर १९३०च्या दशकातलं, एका भिंतीला शेजारचं घर जोडलेलं. मीटर जिन्याखालच्या कोनाड्यात, जमिनीलगत. मला तिथे वाकता येत नाही, म्हणून नवऱ्याने पोटावर झोपून टॉर्चच्या उजेडात फोटो काढले. त्यात रस्त्यावरून येणाऱ्या विजेची जी काळी पेटी असते, तिच्या तळातून एकाऐवजी दोन जाड केबली निघालेल्या दिसल्या.

तिथेच काम अडलं. दोन केबली म्हणजे लूप: रस्त्यावरून वीज आमच्याकडे येते आणि आमच्या पेटीतून शेजारच्या घरात जाते. इथल्या जुन्या घरांत हे सर्रास असतं. घरचा चार्जर ७ किलोवॅटचा, रात्रभर ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. एका केबलवर दोन घरं आणि वर हा भार, हे चालत नाही. आधी लूप तोडून शेजारच्यांना रस्त्यावरून वेगळी केबल द्यायची, मगच चार्जर. हे काम चार्जर बसवणाऱ्यांचं नाही, त्या भागातल्या वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपनीचं. आम्हाला त्याचे पैसे पडले नाहीत, पण ११ आठवडे गेले.

शेजारी ऐंशी पार केलेल्या बाई एकट्या राहतात. माझ्या गाडीसाठी त्यांच्या अंगणात चर खणणार आणि दिवसभर वीज बंद राहणार, हे त्यांना सांगायला जाताना मला फार जड झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माझे गुलाब वाचतील ना?" चर कुठून जाईल हे कंपनीच्या माणसाला दाखवताना मी गुलाब मोजून दाखवले, सहा. त्या दिवशी बाई सकाळपासून आमच्याकडे होत्या. दुपारी वरणभात खाल्ला, संध्याकाळी वीज आल्यावर घरी गेल्या. सहाही गुलाब जागेवर आहेत.

मधल्या काळात गाडी आली होती. साध्या तीन पिनांच्या प्लगवर का नाही लावली, असं पुष्कळांनी विचारलं. आमच्या घराला बाहेर सॉकेट नाही. केबल दारातून काढायची म्हणजे उंबऱ्यावर आडवी येणार आणि कुबड्यांवर चालणाऱ्याच्या पायात तीच अडकणार. म्हणून बाहेर चार्ज करत राहिले. एका ठिकाणी चार्जर उंच कट्ट्यावर, पुढे लोखंडी खांब. मी प्लगपर्यंत पोहोचूच शकले नाही, एका अनोळखी मुलीने लावून दिला. सगळ्यांना वापरता येतील असे चार्जर कसे असावेत याचं 'पास १८९९' हे मानक २०२२ मध्ये आलं, त्यामागे मोटॅबिलिटीही होती. पण ते पाळण्याची सक्ती नाही. आणि दर? तेव्हा बाहेरच्या जलद चार्जरला युनिटमागे ७० पेन्सच्या वर, त्यात २० टक्के व्हॅट. घरच्या विजेवर तो ५ टक्के. ज्याला घरी चार्ज करता येत नाही त्यानेच जास्त कर भरायचा, याचा मला अजूनही राग येतो.

बसवायच्या दिवशी तंत्रज्ञ वेळेवर आला. मी चहा टाकून बाहेर येईपर्यंत त्याने भिंतीत पहिलं भोक पाडलंही होतं, त्याच्या छातीच्या उंचीवर. मी म्हटलं, थांबा. गाडीत जाऊन बसले, दार उघडलं, कुबड्या काढल्या, बॉनेट धरत भिंतीपर्यंत आले आणि हात लावून दाखवला: इथे, माझ्या कोपराला. एका हाताने कुबडी धरून दुसरा खांद्याच्या वर नेला की माझा तोल जातो. त्याने न कुरकुरता फूटभर खाली चार्जर बसवला. केबल अडकवायचा हूकही मी भिंतीच्या टोकावरून गाडीच्या नाकासमोर घ्यायला लावला, म्हणजे केबल जमिनीवर लोळत नाही. केबल कायमची जोडलेली असते असाच चार्जर घेतला. नाहीतर रोज डिकीतून ओली, जड केबल उचलत बसायचं.

पहिल्या रात्री प्लग लावला आणि काहीच सुरू झालं नाही. मी अंधारात, पावसात दोनदा जाऊन प्लग काढून घातला. नंतर कळलं की २०२२ पासूनच्या नियमाने घरचे चार्जर मुळातच विजेच्या जास्त मागणीच्या वेळा टाळायला लावलेले येतात. आता रात्री साडेबारा ते साडेपाच असं लावलंय. पाच तासांत ३५ युनिट, माझ्या दराने युनिटला ७ पेन्स, म्हणजे अडीच पौंडांच्या आत, आणि गाडी सव्वाशे मैलांच्या आसपास जाते. कामावर आणि गुरुवारच्या फिजिओथेरपीला धरून मला आठवड्यातून दोन रात्री पुरतात.

आई फोनवर अजून विचारते, "रात्रभर लावून ठेवतेस, बघतेस ना गं मधूनमधून?" तिला सांगितलं, भरली की आपोआप थांबते. वरचं ते पहिलं भोक तंत्रज्ञाने सिमेंटने बुजवून दिलं. चार्जरच्या फूटभर वर त्याचा करडा ठिपका दिसतो.