गट नंबर गायब!
आज दिवसभर लातूरच्या ऑफिसात एकच काम, सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांची एक्सेल शीट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधी घ्यायची. एरर काहीच नाही, पण बघतो तर कित्येकांचा जमिनीचा गट नंबर नल, म्हणजे कोरा, ११२ आलाय अन् ११२/२अ गायब! जेवण सोडून शोधलं तवा कळलं, एक्सेलचा ड्रायव्हर (शीट वाचून डेटाबेसला देणारा प्रोग्राम) पहिल्या ८ ओळी बघून कॉलमचा टाइप ठरवतो, तिथं नुसते आकडे होते म्हणून अक्षरवाले गट त्यानं सोडूनच दिले. सेल फॉरमॅट टेक्स्ट करून फरक पडत नाही, आधी भरलेले आकडे आकडेच राहतात. शेवटी एक्सेलमधल्या टेक्स्ट टू कॉलम्स या सोयीनं अख्खा कॉलम टेक्स्ट केला, मग सगळे आले, लई बरं वाटलं राव, गट नंबर कोरा म्हणजे त्या माणसाचे पैसे अडकले. उद्या बँक खाती, १६ अंकी नंबराचा शेवटचा अंक एक्सेल ० करतं, ते पासबुकावरूनच तपासणार.