माझा कर्नल, नोंद १४: ऑफसेट ठेवायचा कुठे?

मागच्या नोंदीपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ईएक्सटी२ या फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मूलभूत माहिती असलेला ब्लॉक, वाचून थांबत होता. आता प्रोग्रॅमने 'ओपन' केलं की फाइल उघडते आणि 'रीड' केलं की बाइट हातात पडतात.

पाथ शोधणं सोपं निघालं. आयनोड म्हणजे फाइलची माहिती आणि तिच्या ब्लॉकचे पत्ते ठेवणारी डिस्कवरची नोंद. सुरुवात रूटच्या (सर्वात वरच्या डिरेक्टरीच्या) आयनोडपासून, म्हणजे क्रमांक २ पासून, आणि मग एकेका डिरेक्टरीत पुढचं नाव शोधायचं. एक मात्र जपा: त्या नावांच्या शेवटी शून्य बाइट नसतो, लांबी वेगळ्या बाइटमध्ये असते. आणि आयनोडची मोजणी १ पासून सुरू होते. टेबलातली जागा काढताना १ वजा करायला मी विसरलो होतो.

खरा वेळ खाल्ला ऑफसेटने. फाइल कुठपर्यंत वाचून झाली, हा आकडा मी मेमरीतल्या आयनोडमध्येच ठेवला होता. एक प्रोसेस असेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. दोन प्रोसेसनी एकच फाइल उघडली आणि दोघींना आलटून पालटून तुकडे मिळायला लागले: एकीने पहिले ५१२ बाइट घेतले की दुसरीला त्यापुढचे. मी दोन रात्री शेड्युलरमध्ये (कोणती प्रोसेस कधी चालवायची ते ठरवणाऱ्या भागात) चूक शोधत बसलो.

मग ऑफसेट प्रत्येक प्रोसेसच्या डिस्क्रिप्टर टेबलात, म्हणजे तिने उघडलेल्या फाइलींच्या यादीत, हलवला. ही अडचण सुटली, पण फोर्कने, म्हणजे प्रोसेसची प्रत (चाइल्ड प्रोसेस) काढणाऱ्या कॉलने, नवी उभी केली. शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) इनपुट म्हणून स्क्रिप्टची फाइल दिली होती. चाइल्ड प्रोसेसने त्यातल्या पुढच्या २ ओळी वाचल्या, पण शेलचा ऑफसेट जागचा हलला नाही. त्याच ओळी शेलने कमांड समजून चालवायला घेतल्या!

युनिक्सने मध्ये तिसरं टेबल का घातलंय, ते मला तेव्हा उमगलं. डिस्क्रिप्टर हा नुसता एक क्रमांक; तो उघड्या फाइलींच्या सामाईक टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवतो. ऑफसेट आणि वाचायचं की लिहायचं हा मोड त्या नोंदीत राहतो, आणि ती नोंद आयनोडकडे नेते. प्रत्येक 'ओपन'ला नवी नोंद. फोर्क किंवा 'डुप' (डिस्क्रिप्टरची नक्कल) झाल्यावर तीच नोंद, फक्त वापरणाऱ्यांची संख्या वाढते. 'क्लोज'ने ती घटते, शून्यावर आली की नोंद मोकळी. इतकी नेटकी मांडणी आहे ही, की आधीचा सगळा कोड मी आनंदाने पुसून टाकला. दोन्ही चाचण्या आता पास होतात.

ब्लॉकचं थोडक्यात: माझ्या डिस्क इमेजवर ब्लॉक १०२४ बाइटचा आहे. पहिले १२ ब्लॉक आयनोडमधूनच थेट मिळतात, म्हणून १२ केबीपर्यंत फाइल बरोबर यायची आणि पुढे कचरा. तेरावा पॉइंटर डेटाकडे जात नाही, २५६ ब्लॉक-क्रमांकांच्या यादीकडे जातो. ते जोडल्यावर २६८ केबीपर्यंत वाचता येतं. त्याहून मोठी फाइल मागितली तर 'रीड' सध्या एरर परत करतं. दुहेरी इनडायरेक्ट ब्लॉक (अशा याद्यांची यादी) पुढच्या नोंदीत.