कीबोर्ड आणि टचपॅड एकाच क्षणी बंद पडतात तेव्हा

लॅपटॉपदुरुस्तीच्या कामात कीबोर्ड बंद पडल्याची तक्रार नेहमीची आहे आणि टचपॅड बंद पडल्याचीही आहे. पण दोन्ही एकाच क्षणी बंद पडतात आणि काही वेळाने एकाच क्षणी पुन्हा सुरू होतात, असे कोणी सांगितले की मी यंत्र उघडण्याची घाई करत नाही. हे दोन भाग एकमेकांना लागून बसवलेले असले तरी बहुतेक यंत्रांत त्यांचे मार्ग निराळे असतात. कीबोर्डची चपटी रिबन केबल मदरबोर्डवरच्या स्वतंत्र सॉकेटमध्ये बसते आणि त्याच्या कळा वाचण्याचे काम एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप करते. टचपॅडची केबल बहुधा वेगळी असते आणि अलीकडच्या यंत्रांत तो आय-टू-सी नावाच्या दुसऱ्याच मार्गाने जोडलेला असतो. दोन्ही केबल एकाच क्षणी सैल होणे अशक्य नाही, परंतु त्या एकाच क्षणी पुन्हा घट्ट बसणे मला पटत नाही. अशा वेळी दोघांनाही थांबवू शकेल असे तिसरे काहीतरी शोधावे लागते.

ज्या यंत्राविषयी लिहीत आहे ते पडदा पूर्ण मागे दुमडून टॅब्लेटसारखे वापरता येणारे होते आणि प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावर असलेल्या एका संशोधक बाईंचे होते. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी ते दुसरीकडे दाखवले होते. तिथे कीबोर्ड नवा बसवून झाला होता, बिघाड कायम राहिला होता आणि आता मदरबोर्ड बदलावा लागेल असे त्यांना सांगण्यात आले होते. मदरबोर्ड बदलणे म्हणजे जवळजवळ नवे यंत्र घेणे. शिवाय ज्या यंत्रांत साठवणुकीची चिप बोर्डावरच पक्की बसवलेली असते, त्यांत बोर्डाबरोबर मजकूरही जातो. म्हणून सर्वप्रथम त्यांच्या प्रबंधाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घेतली आणि मगच तपासणीला हात घातला.

माझ्या टेबलावर यंत्र निर्दोष चालले. प्रत्येक कळ दाबून पाहिली, टचपॅडच्या चारही कोपऱ्यांवर क्लिक करून पाहिले, यंत्र बराच वेळ तापू दिले, पडदा वेगवेगळ्या कोनांत उघडून पाहिला, कारण बिजागरीजवळची केबल चिमटली तर हालचालीबरोबर बिघाड येतो आणि जातो. उजवी शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून ठेवली गेली तर विंडोजमध्ये फिल्टर कीज ही सोय सुरू होऊ शकते आणि मग क्षणभरच दाबलेल्या कळा उमटत नाहीत. ती बंदच होती. टचपॅड चालू-बंद करणारी वरच्या ओळीतली कळही कोणी चुकून दाबलेली नव्हती. यंत्र सपाट काचेवर ठेवून खालची फट पाहिली. लिथियम बॅटरी फुगली की ती टचपॅडला खालून ढकलते, क्लिक अडकते आणि कधी कीबोर्डची पट्टीही वर उचलली जाते. तसे असेल तर दुरुस्तीचा विचार नंतर करायचा, आधी यंत्र बंद करून, बॅटरीला न दाबता, न टोचता ती बाजूला काढायची, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते. इथे तळ अगदी सपाट होता.

यंत्र परत गेले आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘‘ताई, टेबलावर ठेवून सुरू केलं आणि पुन्हा दोन्ही बंद. तुमच्याकडे चालतं आणि माझ्याकडे चालत नाही, हे कसं शक्य आहे?’’ त्यांच्या आवाजात चिडचीड नव्हती, थकवा होता. मी त्यांना यंत्र न हलवता तसेच ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलापाशी गेले. बिघाड जिथे होतो तिथेच तो पाहण्यासारखी दुसरी तपासणी नाही.

तिथे दोन्ही भाग खरोखरच निष्प्राण होते. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नव्हता. सोबत नेलेला यूएसबी कीबोर्ड लावला, तो लगेच चालला. मग यंत्र पूर्ण बंद केले, चार्जर काढला, उरलासुरला विद्युतभार निघून जावा म्हणून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरले आणि पुन्हा सुरू करताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रामच्या, पडद्यावर गेले. अंगचा कीबोर्ड तिथेही मुका होता. पूर्वीच्या तंत्रज्ञाने इथूनच निष्कर्ष काढला असणार, आणि त्याला दोष देता येत नाही. बायोसमध्ये कळा चालल्या तर दोष विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, तिथेही चालल्या नाहीत तर दोष सुट्या भागांत, हा नियम आम्ही सगळेच वापरतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. परंतु बायोस आणि कळा यांच्या मधे एम्बेडेड कंट्रोलर बसलेला असतो आणि त्याच्यात स्वतःचा प्रोग्राम चालू असतो. कळा वाचायच्याच नाहीत असे त्याने ठरवले, तर बायोसपर्यंतही काही पोहोचत नाही.

तो असे का ठरवेल, याचा धागा बाईंच्याच बोलण्यातून मिळाला. त्या म्हणाल्या, ‘‘एक गोष्ट मात्र बरी आहे. कीबोर्ड बंद पडला की लिहायच्या जागी बोट लावल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड आपोआप वर येतो, म्हणून मी निदान ईमेलला उत्तर देऊ शकते.’’ कीबोर्ड चालत असताना तो तसा वर येतो का, असे मी विचारले. क्षणभर विचार करून त्या नाही म्हणाल्या. म्हणजे यंत्र स्वतःला टॅब्लेट समजत होते. पडदा मागे दुमडला की तळाशी गेलेल्या कळा हाताच्या पकडीत दाबल्या जाऊ नयेत म्हणून अशी यंत्रे कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही मुद्दाम बंद करतात. मी शोधत होते ते तिसरे कारण हेच होते. बिघडलेले काहीच नव्हते. यंत्र चुकीच्या माहितीवर बरोबर वागत होते.

ही चुकीची माहिती कुठून येते हे पाहायला मी खाली वाकले. पडदा डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून बाईंनी यंत्र आपल्या जुन्या, मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवले होते. दोन्ही हातांनी ते वर उचलले आणि त्यांना एक कळ दाबायला सांगितली. अक्षर उमटले. खाली ठेवले, उमटणे थांबले. पुन्हा उचलले, पुन्हा सुरू.

एवढ्यावर मी थांबले नाही, कारण उचलताना यंत्राची चौकट किंचित वाकते आणि सैल केबलही असाच खेळ करू शकते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, यूएसबी कीबोर्डवरून लिबइनपुटची (लिनक्समध्ये कळा, टचपॅड आणि स्विच यांचे संकेत वाचणाऱ्या भागाची) घटना दाखवणारी आज्ञा दिली आणि यंत्र पुन्हा खाली टेकवले. पडद्यावर ओळ उमटली: टॅब्लेट मोडचा स्विच, स्थिती १. उचलल्यावर स्थिती ०. मग जुना लॅपटॉप बाजूला करून लोखंडी टाचणी त्याच्या झाकणाच्या कडेवरून फिरवली. दोन ठिकाणी ती खेचली गेली. तेवढाच एक लहान चुंबक नव्या यंत्राच्या तळाला, त्याच जागेच्या समोर, धरल्यावर स्विच बदलला. आता शंकेला जागा नव्हती.

बाईंना हे सगळे समजून घ्यायचे होते, आणि ज्यांच्या कामाचे इतके दिवस अडले त्यांना कारण नीट सांगणे हा दुरुस्तीचाच भाग आहे असे मी मानते. विद्युतप्रवाह वाहत असलेल्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र मिळाले की तिच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर चालणारा तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर लॅपटॉपमध्ये असतो. झाकणातला चुंबक जवळ आला की झाकण मिटले असे तो समजतो आणि यंत्र झोपी जाते. दुमडणाऱ्या काही यंत्रांत सेन्सर चुंबकाचा ध्रुवही ओळखतो: एक ध्रुव समोर आला तर झाकण मिटले, दुसरा आला तर पडदा मागे दुमडला. जुन्या लॅपटॉपच्या झाकणातला चुंबक नेमका दुसऱ्या अर्थाने जुळला होता. तो उलटा असता तर यंत्र टेबलावर ठेवताच झोपी गेले असते आणि एकमेकांवर ठेवलेल्या लॅपटॉपचे हे परिचित लक्षण कोणाच्याही लवकर ध्यानात आले असते.

बाईंनी विचारले, ‘‘मग नवा कीबोर्ड उगाच बसवला का?’’ मला हो म्हणावे लागले. न बिघडलेला भाग बदलला जातो तेव्हा पैसा जातो, चालता कीबोर्ड कचऱ्यात जातो आणि काही यंत्रांत तो काढण्यासाठी वरच्या चौकटीचे बारीक प्लास्टिक रिव्हेट तोडावे लागतात, त्यामुळे चौकट पूर्वीइतकी घट्ट राहत नाही. इथे सुदैवाने तसे काही झालेले दिसले नाही.

जुना लॅपटॉप कपाटात गेला आणि त्याच्या जागी जाड पुस्तके आली. निघण्यापूर्वी यंत्राच्या आसपास येणाऱ्या बाकीच्या वस्तूंवरून टाचणी फिरवली. फोनच्या पाकिटाच्या झडपेत चुंबक होता, पण सेन्सरच्या जागेपाशी धरूनही स्विच हलला नाही. यंत्र ठेवण्याच्या पिशवीचे चुंबकी बटण मात्र पुरेसे जोरकस निघाले, म्हणून पिशवी यंत्राखाली ठेवायची नाही असे ठरले. तपासणीच्या कागदावर मी सेन्सरची जागा, स्विचच्या दोन्ही स्थिती आणि ‘मदरबोर्ड निर्दोष, बदलू नये’ असे लिहून सही केली, म्हणजे पुढे कोणाकडेही यंत्र गेले तरी शोध इथून पुढे सुरू व्हावा.