धारगळचं कोमट पाणी

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जाण्याला आमच्या घरात ‘सायबाकडे जाणं’ म्हणतात. सायब म्हणजे गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. शेजारचे माळकरी आजोबा मात्र सरळ ‘तुमची वारी’ म्हणतात आणि आता मलाही तोच शब्द बरा वाटतो. २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते, ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त, म्हणजे सण, त्या बेताने निघायचं. मिलाग्रीस चर्चमध्ये पहाटे प्रार्थना, मग इन्सुली, बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पणजी. ६५-७० किलोमीटर, मध्ये एक मुक्काम.

माझी ही अकरावी खेप. नावांची यादी माझ्याकडे, शिट्टी माझ्याकडे, पुढचा क्रूसही बहुतेक वेळ माझ्याच खांद्यावर. निघण्याआधीच्या बैठकीत दरवर्षी मी एकच भाषण ठोकतो : नवे बूट घालू नका. यंदा नवे बूट घालून कोण आलं, हे सांगायला नको.

त्याच बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एका काकांना मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “तुम्ही यंदा टेम्पोत बसा, तुम्हाला झेपायचं नाही.” ते नुसते हसले. पहाटे बघतो तर जुन्या चपला घालून, हातात रोझरी घेऊन रांगेत शेवटी उभे.

घरी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कुडाळची ताई दर महिन्याला विचारते, “मी येऊ का चार दिवस?” आणि माझं ठरलेलं उत्तर, “माझं मी बघतो.” निघतानाही तेच सांगून आलो होतो. म्हणजे बघणार होती बायको, पण बोलणार मी.

बांदा ओलांडेपर्यंत डाव्या टाचेचा फोड फुटला होता. पत्रादेवीला उजव्याचा. हायवेवरून ट्रक अंगावर वारा टाकत जात होते आणि मी प्रत्येक पावलाला दात आवळत होतो. क्रूस एका पोराकडे दिला, तोही ‘जरा तुलाही सवय होऊ दे’ असं म्हणून. टेम्पोवाला दोनदा शेजारी येऊन थांबला. दोन्ही वेळा मी हात हलवून पुढे जायला सांगितलं. धारगळला पोचेपर्यंत रांग पार दिसेनाशी झाली. माझ्या मागे एकच माणूस उरला होता, ते काका. मागाहून कळलं, ते मुद्दाम मागे राहिले होते.

रस्त्याकडेच्या एका घराच्या पेळेवर मी बसलोच. अंगणात तुळशीवृंदावन, लग्नातला ऊस अजून तसाच खोचलेला, पानं सुकून वाजत होती. घरातल्या बाईंनी काही न विचारता बादलीत कोमट पाणी आणून ठेवलं, वर मूठभर मीठ टाकलं. काका खाली उकिडवे बसले.

“पाय हाड हंयसर.”

मी पाय मागे घेतला. मोजा रक्ताने टाचेला चिकटलेला, त्यात दिवसभराचा घाम. “राहू द्या काका, मी करतो.”

“पाणी निवता हां. तुका लाज कित्याक वाटता?”

लाज कसली, ते मला नीट माहीत होतं. ईस्टरच्या आधीच्या आज्ञा गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत, फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात त्यात मी चार वर्षं बसलोय. दरवेळी घरून साबणाने पाय घासून, नखं कापून जायचो. आमच्या चर्चमधल्या बाराही जणांचे पाय आधीच स्वच्छ असतात, हे फादरांनाही ठाऊक असणार. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या त्या रात्री त्याचा शिष्य पेत्रही अडून बसला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत म्हणून. मला तो नेहमी फार नम्र वाटायचा. पाण्यात टाच बुडाल्यावर जी आग झाली, तेव्हा वाटलं, हा नम्रपणा नव्हेच. आपली घाण दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव धजत नाही, एवढंच.

काकांनी मोजा ओढला नाही. तो भिजून सुटेपर्यंत नुसते पाणी सोडत राहिले.

मी देवाकडे कधी काही मागत नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आलोय. देतो तेवढं पुरे, आभार मानतो, बस्स. येशूच्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, परूशी हा धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, तोही देवळात उभा राहून आभारच मानतो, मागत काहीच नाही. मागतो तो मागे उभा राहिलेला जकातदार, तेही फक्त दया. दाखला पाठ होता. त्यात आपण कुठे उभे आहोत, ते अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पोत बसलो. मुक्कामाला पोरांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, ते अर्थात खवचटपणे.

दुसऱ्या दिवशी पणजीपासून मात्र चाललो, काकांच्या रबरी चपला घालून. ते माझे नवे बूट मोकळे करून घालून चालत होते आणि त्यांना ते झक्क बसले होते. रायबंदरचा तो सरळसोट जुना रस्ता, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, संपता संपत नाही. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची दलदल. सायब १५४२ साली जुन्या गोव्यात उतरला तो पोपचा प्रतिनिधी म्हणून. मान मोठा, पण इस्पितळात आजाऱ्यांजवळ राहायचा आणि रस्त्यात घंटी वाजवत पोरांना गोळा करायचा. शेवट चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, ३ डिसेंबर १५५२.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर, मान वर करावी लागते. दरवर्षी मी तिथे आभार मानून खाली उतरायचो. यंदा म्हटलं, आईचं माझ्याच्यानं होत नाही. रात्री तिने हाक मारली की राग येतो. मदत कर.

बाहेर फेस्ताची गर्दी, खाज्यांच्या राशी, मेणबत्त्यावाल्यांची ओरड. एका कोपऱ्यात उभा राहून ताईला फोन लावला.

“उद्या येशील?”

पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

“येते,” ती म्हणाली. “खाजं आण. गुळाचं.”