पोटापाण्याच्या क्रमाने लावलेलं कपाट

देणगीची पुस्तकं उचलण्याआधी कपाटाचे फोटो काढायचे, हा आमच्या वाचनालयाचा नियम आहे. मालकाने पुस्तकं कशी लावली होती, ही माहिती खोक्यात भरताना कायमची जाते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरी हा नियम फार उपयोगी पडला. घर मराठीच्या एका निवृत्त शिक्षकांचं. सर गेल्यावर काकूंनी सगळा संग्रह आम्हाला द्यायचं ठरवलं होतं. दार उघडताच म्हणाल्या, "कबाट ह्यांनी लावलंय. आधी नीट पाहून घ्या, मग हलवा."

क्रम काही लागेना. अकारविल्हे नाही, विषयवार नाही, आकाराप्रमाणेही नाही. मग फळ्यांच्या कडेला खळीने चिकटवलेल्या पट्ट्या दिसल्या: 'शाळा-कॉलेज', 'संस्थानी नोकरी', 'कचेरी', 'वकिली-डॉक्टरी', 'नाटक कंपनी', 'नुसती लेखणी'. लेखकाची चूल कशावर पेटत होती, त्यावरून सरांनी पुस्तकं लावली होती. शेवटची फळी जवळजवळ रिकामी होती.

'संस्थानी नोकरी'त सुरुवातीलाच इतिहासकार गो. स. सरदेसाई, म्हणजे 'रियासतकार'. १८८९ साली ते बडोद्याला सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून लागले, पुढे राजपुत्रांना शिकवू लागले. या कामासाठी केलेल्या वाचनातून आणि टिपणांतून 'रियासत' या त्यांच्या इतिहासग्रंथाचे खंड उभे राहिले. ही नोकरी नसती तर ते खंडही नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांनी आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'वाचक, मग शिक्षक. निवृत्ती १९२५.' पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदपत्रांचे, पंचेचाळीस भाग त्यांनी संपादित केले ते निवृत्तीनंतर.

'शाळा-कॉलेज'मध्ये माधव जूलियनांचे कवितासंग्रह आणि शेजारीच फार्शी-मराठी कोश. आमच्याकडे या दोहोंत अख्खी खोली आडवी येते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी कविता ८९१.४६१ला जाते आणि फार्शी कोश ४९१.५५ला. शिवाय कोशावर त्यांचं खरं नाव, माधव त्रिंबक पटवर्धन. १८९४ साली याच बडोद्यात जन्मलेला हा माणूस फार्शीचा प्राध्यापक होता. त्यांची गझल कुठून आली हे वाचकाला कळायचं, तर कोश आणि कविता जवळ दिसायला हव्यात. सरांच्या फळीवर त्या दिसत होत्या.

गडकरी 'नाटक कंपनी'त. किर्लोस्कर मंडळीत ते मुलांना शिकवायला होते. जन्म १८८५, नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातला, मृत्यू १९१९. चौतीस वर्षंही पुरी नाहीत आणि नावं तीन: नाटकांना राम गणेश गडकरी, कवितांना गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. अशा वेळी प्रत्येक नावाचं वेगळं कार्ड करून तिन्हींवर 'हेही पाहा' लिहावं लागतं. एक जरी दुवा राहिला, तर विनोदी लेख मागणारा वाचक हात हलवत परत जातो. लग्नाआधीचं नाव बदललं असेल तर नुसतं 'पाहा' पुरतं: बाळूताई खरे, पाहा मालतीबाई बेडेकर, म्हणजेच 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाच्या लेखिका. त्या सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी होत्या आणि 'बळी' ही कादंबरी त्या अनुभवातून आली. सरांनी ती 'कचेरी'त ठेवली होती. आमच्या कार्डावर यातलं अक्षरही नव्हतं.

'नुसती लेखणी'त ठळक दिसले ते नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि कादंबरीलेखन सुरू झालं ते त्यानंतर.

मग प्रत्यक्ष काम. बऱ्याच पुस्तकांत टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्या होत्या. गंजलेली टाचणी ओढली की कागद तिच्यासकट येतो. म्हणून आधी पानाच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, टाचणीची टोकं सैल करायची, आणि ती आत गेली त्याच वाटेने मागे काढायची. चिठ्ठ्या वर्तमानपत्राच्या कडांच्या होत्या. त्या कागदात आम्ल असतं, शेजारचं पान तपकिरी पडतं. तेव्हा चिठ्ठी पुस्तकात परत न ठेवता, दाखल क्रमांक घातलेल्या आम्लविरहित पाकिटात ठेवायची. पेन्सिलीची टीप मात्र खोडायची नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर नाहीच. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरात उतरतो.

कपाट जसंच्या तसं ठेवणं आम्हाला शक्य नव्हतं; पुस्तकं क्रमांकानेच लागणार. पण लेखकाच्या कार्डावर, जन्म-मृत्यूच्या सालाखाली, 'उपजीविका' अशी एक ओळ वाढवली. नियम एकच: ती माहिती चरित्रकोशात किंवा प्रस्तावनेत सापडली तरच शाईने लिहायची, तोवर पेन्सिलीने.

दिलीप चित्र्यांच्या पुस्तकांना सरांनी फळीच दिली नव्हती. ती कपाटावर आडवी होती. जन्म बडोद्याचा, १९३८चा. वडील इथूनच 'अभिरुची' मासिक काढत. मुलगा इथिओपियात शिक्षक, मग जाहिरातक्षेत्रात, शिवाय चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक. १९९४ साली साहित्य अकादमीने त्यांना मराठी कवितेसाठीही गौरवलं आणि तुकारामांच्या इंग्रजी अनुवादासाठीही. मी काकूंना विचारलं, ही वर का? म्हणाल्या, "ह्यांचं ठरतच नव्हतं. दर दिवाळीला साफसफाईत जागा बदलायचे." त्यांच्या कार्डावरची उपजीविकेची ओळ पुरली नाही, मागच्या बाजूला चालू ठेवली आहे.